गिअरची पडवी

पावसाळ्यात कल्याणच्या कुठल्याही घरातलं लाकडी कपाट उघडलं की आधी वास येतो, कपडे नंतर दिसतात. इकडे खाडी, तिकडे उल्हास नदी, इमारती एकमेकींना खेटून उभ्या, आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर. अशा गावात राहून मी मोटरसायकल चालवते. मुरबाडवरून माळशेज ही माझी नेहमीची वाट. त्यामुळे रायडिंग गिअर घरात ठेवायचं कसं हा प्रश्न मला गिअर कुठलं घ्यायचं यापेक्षा मोठा वाटत आला आहे. दुकानात जॅकेट घेताना आपण शिलाई, आर्मर (खांदे, कोपर, पाठ यांवर धक्का झेलणारे पॅड), चेन, खिसे यांवर तासभर बोलतो. ते घरी आणून कुठे ठेवणार, हे दुकानदार विचारत नाही आणि आपणही विचार करून गेलेलो नसतो.

आणि ते काही थोडंथोडकं नसतं. जाळीचं जॅकेट, त्याच्या आतलं पावसाचं लायनर, गुडघ्यांना आर्मर असलेली पँट, घोट्याच्या वर येणारे बूट, उन्हाळ्याचे आणि पावसाचे असे ग्लोव्हजचे दोन जोड, राइडचं फुलफेस हेल्मेट, ऑफिसला स्कूटरवर जाताना घालायचं वेगळं हेल्मेट. त्यात नवऱ्याचं हेल्मेट आणि मुलीचं छोटं हेल्मेट. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लावायला सांगतं, आणि चार वर्षांखालच्या मुलांसाठीही आता नियम आहे. म्हणजे कायद्याने वागणाऱ्या कुटुंबात माणशी एक हेल्मेट आलंच. दोन खोल्यांच्या घरात चार हेल्मेटं म्हणजे चार कलिंगडं कायमची घरात ठेवण्याइतकी जागा, आणि त्यातलं एकही दुसऱ्यावर रचता येत नाही.

सगळ्यांना पहिली सुचते ती जागा म्हणजे कपाट, आणि दुसरी माळा. आमच्या इकडच्या हवेत या दोन्ही जागा गिअरच्या मुळावर येतात.

माझ्या सासूबाईंचं माहेर संगमेश्वरकडचं. मी पहिल्यांदा जॅकेट घेऊन घरी आले तेव्हा त्यांनी ते हातात धरून वजन पाहिलं, कोपरातलं आर्मर दाबून पाहिलं आणि नाकाशी नेलं. मग म्हणाल्या, "हे आत कपाटात नको गं. रस्त्यावरची धूळ, घाम, पाऊस सगळं यात राहणार. आमच्याकडे असतं तर पडवीत टांगलं असतं."

मी विचारलं, "अहो आई, पण ओलं राहणार नाही का ते पडवीत?"

"इरलं कुठे टांगतात मग?" त्या म्हणाल्या.

त्या एका प्रश्नात मला सगळं उत्तर मिळालं. कोकणातल्या घरात लावणीवरून आलेला माणूस इरलं (पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं बांबू-पानांचं आच्छादन), घोंगडी, कोयता, आकडी यांतलं काही माजघरात नेत नाही आणि अंगणातही टाकत नाही. पडवीला डोक्यावर छप्पर असतं आणि बाजूने वारा असतो. तिथे पाऊस लागत नाही, कडक ऊन लागत नाही, आणि हवा मात्र दिवसरात्र खेळती. ओली वस्तू तिथे सावकाश, न तडकता सुकते. शिवाय घराबाहेर पडताना हात आपोआप तिच्याकडे जातो. कामाची, अंगावर चढवायची, बाहेरच्या जगाची वस्तू उंबऱ्याशी असावी, ही समज त्या बांधणीतच होती. फ्लॅट बांधताना आपण पडवी काढून टाकली आणि पडवीत राहणाऱ्या वस्तू मात्र पुन्हा घरात आणल्या. रायडिंग गिअर ही त्यातली सगळ्यात नाजूक.

नाजूक म्हटल्यावर लोक बुचकळ्यात पडतात. डांबरी रस्त्यावर घासायला बनवलेली वस्तू नाजूक कशी? पण हे सगळं एकदाच, एका क्षणासाठी मजबूत असायला हवं असतं, आणि तो क्षण येईपर्यंत ते आतून झिजता कामा नये.

हेल्मेटचंच घ्या. बाहेरचं चकचकीत कवच आपल्याला दिसतं, पण धक्का शोषून घेण्याचं मुख्य काम आतला पांढरा थर्माकोलसारखा थर करतो. तो पॉलिस्टायरिनच्या फुगवलेल्या दाण्यांचा असतो. आपटल्यावर ते दाणे चिरडतात आणि चिरडण्यात धक्क्याची ऊर्जा खर्च होते. चिरडलेला दाणा पुन्हा फुगत नाही. १९५३ साली अमेरिकेत लोम्बार्ड आणि रॉथ यांना ऊर्जा शोषणाऱ्या अस्तराच्या हेल्मेटचं पेटंट मिळालं, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. म्हणून हेल्मेट आरशाच्या दांडीवर अडकवून ठेवलेलं पाहिलं की मला राहवत नाही, मी अनोळखी माणसालाही सांगते. आरशाचं टोक रोज त्याच जागी आतल्या थरात रुततं आणि तिथे खड्डा पडतो. घरात एखाद्या खिळ्यावर हेल्मेटचं आतलं अस्तर टेकवून टांगलं तरी तेच होतं. टांगायचं तर हनुवटीच्या पट्ट्यावर, नाहीतर रुंद फळीवर सपाट ठेवायचं, काठापासून आत.

पॉलिस्टायरिनला पेट्रोल अजिबात चालत नाही, ते त्यात विरघळतं. त्यामुळे पार्किंगमधल्या ज्या कोपऱ्यात पेट्रोलचा कॅन, चेनचं क्लीनर, थिनरची बाटली असते, तिथल्या फळीवर हेल्मेट ठेवू नये. डांबराच्या गोळ्याही नकोत. लोकरीच्या कपड्यांत त्या आपण पिढ्यान् पिढ्या टाकत आलो, म्हणून गिअरच्या पिशवीत चार गोळ्या टाकायला हात जातोच. त्यांची वाफ या जातीच्या प्लॅस्टिकला मानवत नाही, आणि तो वास हेल्मेटच्या स्पंजात बसला की माळशेजच्या वळणांवर डोकं भणभणतं ते वेगळंच. कीड लागू नये म्हणून मी वेखंडाची पुरचुंडी ठेवते, तीही जॅकेटच्या खिशात, हेल्मेटमध्ये नाही.

हेल्मेटमध्ये खरं तर काहीच ठेवू नये. हेल्मेट पोकळ दिसतं म्हणून ग्लोव्हज त्यात कोंबायची सवय सगळ्यांची. घामट ग्लोव्हज तिथे सुकत नाहीत, स्पंजही सुकू देत नाहीत, आणि मनगटाचं वेल्क्रो अस्तराचा कापडी थर ओरबाडून काढतं.

आता बुटांची गोष्ट. एका मित्राने लांबच्या राइडसाठी म्हणून चांगले टूरिंग बूट घेतले. थोडे वापरले आणि इतके जपले की मूळ खोक्यात, आत कागद भरून, माळ्यावर ठेवले. काही वर्षांनी लडाखचा बेत ठरला तेव्हा ते काढले. दिसायला कोरे करकरीत. कसाऱ्याला चहाला थांबलो तर एका बुटाचा तळ सुटून लोंबत होता, आणि दुसऱ्याचा बोटाने दाबला की भुगा होऊन पडत होता. त्याला वाटलं, माल बनावट. माल अस्सल होता. बऱ्याच बुटांच्या तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतलं बाष्प त्या पदार्थाच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतं. ही क्रिया बूट पायात असो वा खोक्यात, चालूच असते. उष्ण आणि दमट हवेत तिचा वेग वाढतो, आणि पत्र्याखालच्या किंवा स्लॅबखालच्या माळ्याइतकी उष्ण, दमट, बंद जागा घरात दुसरी नसते. जपून ठेवण्याच्या नादात मित्राने बूट नेमक्या त्या जागी नेऊन ठेवले होते. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते: बूट खोक्यात ठेवू नका, वर्षाआड तळ वाकवून बघा, आणि मोठ्या राइडच्या आधी महिनाभर ते घालून हिंडा. पावसाच्या लायनरला जी पॉलियुरेथेनची पातळ परत असते, तिचीही हीच गत होते. घडी घालून दाबून ठेवलेलं लायनर काही वर्षांनी चिकट लागू लागतं, आंबूस वास येतो आणि घडीच्या रेषेवर परत सुटते. ते सैल गुंडाळून किंवा टांगूनच ठेवावं.

चामड्याचा शत्रू वेगळा. बुरशीला चामडं, घाम आणि ओलसर स्थिर हवा एवढंच लागतं. वस्तुसंग्रहालयांत चामड्याच्या वस्तू ६५ टक्क्यांहून कमी आर्द्रतेत ठेवायचा प्रयत्न करतात. आपल्याकडे जुलैमध्ये ते घडणं कठीण. पण हवा हलती असली तर बुरशीला बस्तान बसवायला वेळ लागतो, आणि हे आपल्या हातात असतं. माझे चामड्याचे ग्लोव्हज राइडवरून आल्यावर ओल्या फडक्याने पुसून, बोटं सरळ करून, मनगटाकडून खाली लटकवलेले असतात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हातात घालून मुठी उघडमीट करते. चामडं वापरात असल्याची जाणीव बोटांना होते आणि पांढरी झाक आली असेल तर लगेच दिसते.

लोक सिलिका जेलच्या पुड्या कपाटात टाकतात. त्या बंद डब्यातच उपयोगी पडतात. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात हेल्मेटला लावायचा इंटरकॉम, हेल्मेटची जादा काच, कॅमेऱ्याची माउंट वगैरे ठेवून त्यात पुडी टाकली तर ती आतली हवा कोरडी करते. दाराच्या फटीतून सतत नवी दमट हवा येणाऱ्या कपाटात ती काही तासांत पाणी पिऊन तृप्त होते आणि मग नुसती पडून राहते. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतात. पूर्वी मुंबईकडच्या घरांत पैठण्या आणि कॅमेरे ठेवलेल्या कपाटात पावसाळाभर छोटा बल्ब जळत ठेवायचे, ती युक्ती फार शास्त्रशुद्ध होती. ऊब मिळालेल्या हवेची बाष्प धरण्याची क्षमता वाढते, त्यामुळे तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. एलईडी दिव्याला ती ऊबच नाही, म्हणून आता तो लावून उपयोग होत नाही.

उन्हाबद्दल मात्र आपल्या घरांतल्या एका चांगल्या सवयीला मुरड घालावी लागते. कपडा धुतला की उलटा करून कडक उन्हात घालायचा, म्हणजे रंग उडत नाही, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. रायडिंग जीन्सच्या आत गुडघ्याला आणि मागे जो पिवळसर जाड थर असतो, तो केव्हलार किंवा त्याच जातीच्या धाग्याचा. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत शोधलेला हा धागा वजनाच्या मानाने पोलादालाही भारी पडतो, पण अतिनील किरणांपुढे त्याचं काही चालत नाही. उन्हात तो तपकिरी पडतो आणि त्याची ताकद घटते. उलटी करून गच्चीवर वाळत घातलेली रायडिंग जीन्स म्हणजे बाहेरचं साधं कापड सावलीत आणि जीव वाचवणारा थर थेट उन्हात. आमच्याकडे धुणं मी वाळत घालत असले तर प्रश्न येत नाही, पण सासूबाई घालायच्या तेव्हा त्यांना मी हे आतला थर दाखवून समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे सुलटंच, आणि सावलीत." तेव्हापासून आमच्या घरात तो नियम आहे. धुताना आर्मर काढून ठेवायचं, साबण सौम्य, आणि कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य बिलकूल नाही. ते पाणी झटकणाऱ्या थरावर बसलं की जॅकेट पाणी प्यायला लागतं. गणपतीपुळे, गुहागर अशी किनाऱ्याची राइड झाली असेल तर जॅकेटच्या चेनवर गोडं पाणी ओतून, दात ब्रशने घासून मीठ काढायचं, नाहीतर ती पुढच्या वेळी अर्ध्यात अडकते.

आमची पडवी आम्ही मुख्य दाराच्या मागच्या भिंतीवर केली. तिथे चपलांचं बंद कपाट होतं, ते काढलं. दाराबाहेरच्या सामाईक पॅसेजमध्ये रॅक ठेवायचा मोह खूप जणांना होतो. पण आग लागली तर माणसं त्याच वाटेने पळणार आहेत, म्हणून तो विचार आम्ही केलाच नाही. सुताराने आधी भिंत ठोकून पाहिली. ती पातळ विटांची, पाऊण भिंत पोकळ वाजत होती. पाठीच्या आर्मरसकट जॅकेटचं वजन, त्यात ते पावसाने भिजलेलं, एका खिळ्यावर पेलणार नाही हे त्यानेच सांगितलं. मग बीममध्ये दोन लांब बोल्ट घेऊन त्यांवर सागाची रुंद फळी बसवली आणि तिच्यात जाड खुंट्या ठोकल्या. जॅकेट खुंटीवर थेट नाही, रुंद खांद्यांच्या लाकडी हँगरवर. तारेच्या हँगरवर खांद्याचं आर्मर आपल्या जागेवरून घसरतं आणि कापडाला तसाच बाक येतो. वर हेल्मेटांची फळी, दोन पट्ट्यांमध्ये फट ठेवून, म्हणजे खालून हवा लागते. खाली बूट, जमिनीपासून वीतभर उंच जाळीवर.

त्या जाळीवरूनही बूट उचलले की उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक. त्यांच्या लहानपणी विंचवाची भीती होती. आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाल किंवा झुरळ निघतं, पण घाटात ताशी साठच्या वेगाने जाताना बुटात झुरळ वळवळलं तर काय होईल, याचा विचार करून मी तो दंडक मनापासून पाळते.

समोर स्वयंपाकघराची खिडकी आहे, तिच्यातून या भिंतीपर्यंत झुळूक येते. पावसाळ्यात रात्री एक छोटा टेबल फॅन त्या दिशेला लावून ठेवतो. हीटर नाही, हेअर ड्रायर नाही, गॅससमोर बूट धरणं तर मुळीच नाही. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालायचे आणि तीनचार तासांनी बदलायचे. सकाळपर्यंत पाय घालण्याइतके सुकतात.

हे सगळं जपणुकीबद्दल झालं. पण दाराशी जागा करण्याने त्याहून मोठी गोष्ट घडली, आणि ती मला अपेक्षित होती तरी तिचा परिणाम पाहून बरं वाटलं. गिअर अंगावर चढायला लागलं. स्टेशनपर्यंत जायचंय, भाजी आणायचीय, मुलीला क्लासला सोडायचंय, अशा वेळी माणूस गिअर टाळतो, कारण ते आतल्या खोलीत, कपाटात, पिशवीच्या तळाशी असतं आणि वाट दोन किलोमीटरचीच असते. डांबर मात्र दोन किलोमीटरवरही तेवढंच कठीण. आता किल्ली जिथे अडकवलेली असते तिथेच हाताला ग्लोव्हज लागतात. नवरा लांबच्या राइडला येत नाही, त्याला त्यात रस नाही, पण स्कूटर काढताना तोही ग्लोव्हज घालतो. मुलीसाठी सुताराने एक खुंटी तिच्या खांद्याच्या उंचीवर ठोकून दिली. तिचं हेल्मेट तिथे पट्ट्याने टांगलेलं असतं, आणि निघताना ती ते स्वतः काढून आणते.

पुण्यात २०१९च्या सुरुवातीला हेल्मेटची अंमलबजावणी कडक झाली आणि शहरभर वाद पेटला, तेव्हा एक प्रश्न वारंवार यायचा: हेल्मेट ठेवायचं कुठे? बऱ्याच जणांनी तो सबब म्हणून उडवून लावला. मला तो फार खरा प्रश्न वाटला आणि अजूनही वाटतो. हेल्मेट हवंच, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण मंडई, बँक, नाट्यगृह, शाळा, सरकारी कचेरी यांपैकी कुठे शिरल्यावर हेल्मेट ठेवायला फळी असते? छत्र्या ठेवायला पूर्वी वाचनालयांच्या दारात स्टँड असायचा. दुचाकींनी गजबजलेल्या शहरांत हेल्मेटांसाठी तसं काही असावं असं इमारती बांधणाऱ्यांना वाटलं नाही, आणि घरांच्या नकाशातही ते कुणी काढत नाही. माझ्या ओळखीत कुणी नवीन घराचं फर्निचर करत असेल तर मी आवर्जून सांगते की टीव्हीची भिंत नंतर ठरवा, आधी दाराजवळची फळी ठरवा.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो तेव्हा आम्ही हे सगळं खाली उतरवतो. पाऊस ओसरलेला असतो, हवा कोरडी पडू लागते, म्हणून वर्षाची तपासणी याच दिवसांत करते. आर्मर काढून खिसे झटकते, हेल्मेटचे स्पंज सौम्य शाम्पूने धुते, काच नुसत्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसते, पट्ट्याची शिवण नखाने उचकटून बघते. हेल्मेटच्या आत चिकटवलेली तारीखही तेव्हाच वाचते. बहुतेक कंपन्या वापरात आल्यापासून साधारण ५ वर्षांत हेल्मेट बदलायला सांगतात, आणि जोरात आपटलेलं हेल्मेट तर लगेच बाद.

बाद झालेलं हेल्मेट ठेवायला आमच्या फळीवर जागा नाही. ते माळ्यावरही जात नाही, कारण "पाहुण्यांना उपयोगी पडेल" म्हणून ठेवलेलं हेल्मेट एक ना एक दिवस खरंच पाहुण्याच्या डोक्यावर जातं. भंगारवाला येतो तेव्हा मी ते त्याच्यासमोरच काढते. तो दरवेळी म्हणतो, "ताई, चांगलं आहे की. पट्टा तरी ठेवा, कुणी घेईल." मी त्याला आतला थर दाखवते, कुठे दबलाय ते बोट लावून सांगते, आणि पट्टा दोन्ही बाजूंनी मुळाशी कापून मगच हेल्मेट त्याच्या पोत्यात टाकते.